पाणी थांबेपर्यंत

टेबलाच्या कडेवरून आईला वर घेताना भोवरीने तिचं मनगट घट्ट धरलं, तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीचा पट्टा स्वतःच लावून दिला.

"बाहेर बघायचं नाही. फक्त पाण्याकडे बघायचं. नाहीतर पोटात ढवळतं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणून आईने लगेच बाहेर बघितलं.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतंच. छतापासून जमिनीपर्यंत चहूबाजूंनी काळा पडदा सोडलेला होता. टेबल हे आपलं म्हणायला. खरं तर ती खोलीएवढी गोल फरशी होती, खालच्या मोटरवर फिरणारी. तिच्यावर एक उथळ हौद, आणि हौदात त्यांच्याच गावचं बंदर, लहान करून बांधलेलं. समुद्राकडून आत येताना उजव्या हाताला भूशिर, डाव्या हाताला लाटा अडवायचा बंधारा, आणि मधोमध धक्क्याच्या सिमेंटच्या पायऱ्या. पायऱ्या नखाएवढ्या होत्या, पण एकही विसरलेली नव्हती. वारा, प्रवाह, सांडलेलं तेल, सुटलेली होडी, काय कुठे जाईल हे इथे बघितलं जाई. भोवरीचं ते कामच होतं. इतकी वर्षं त्या फरशीवर बसून बसून ती मोकळ्या रस्त्यावरसुद्धा जराशी उजवीकडे कलून चालायची, म्हणून तर हे नाव पडलेलं. नवरा म्हणायचा, हिच्याशी लग्न केलं तेव्हा बोहल्यावर सरळ उभी राहिली तेवढंच.

सुट्टीची दुपार होती. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. बाबा गेल्यापासून आई लेकीकडेच राहत होती आणि तिने या जागेचं नावही कधी काढलं नव्हतं. आज जेवण झाल्यावर पदराला हात पुसत ती एवढंच म्हणाली होती, "मला दाखव, ते कुठे गेले."

मोटर सुरू झाली. पडदा हळूहळू सरकू लागला.

"पाणी तर हलतंय नुसतं."

"थांब. त्याला वेळ लागतो. टेबल फिरलं म्हणून पाणी लगेच फिरत नाही."

हळूहळू हौदातली लहर मंदावली, मग पुसली गेली. पाणी आरशासारखं स्वच्छ, निवांत दिसू लागलं. ते टेबलाच्या वेगाने गरगरत होतं आणि त्याच्याकडे बघून शपथेवर सांगितलं असतं की ते थांबलेलं आहे. भोवरीला हा क्षण कधीच आवडला नव्हता. नवीन आलेल्यांना ती सांगायची की आपण सगळे रोज असेच फिरतो आणि आपल्याला घर जागच्या जागी वाटतं. सांगताना ती हसायची. आज तिला हसू आलं नाही.

तिने समुद्राच्या बाजूचा पंखा लावला. मग बंदराबाहेरच्या खडकाजवळ दोन चकत्या सोडल्या. एक पांढरी, भूशिराच्या अंगाला. एक तांबडी, बंधाऱ्याच्या अंगाला. त्या दिवशी लाँच याच खडकावर फुटली होती. लाँच चालवणारे बाबा एका बाजूला पडले, सोबत गेलेला जावई दुसऱ्या बाजूला.

चकत्या वाऱ्याबरोबर सरळ किनाऱ्याकडे निघाल्या आणि थोड्या अंतरावर, कुणी कान धरल्यासारख्या, उजवीकडे वळू लागल्या.

"कोण ओढतंय त्यांना?"

"कुणी नाही, आई. त्या सरळच चालल्यात. खालची जमीन फिरतेय, म्हणून आपल्याला वळलेल्या दिसतात. आपल्या अर्ध्या पृथ्वीवर सगळं उजवीकडे कलतं. वारे, प्रवाह, सगळं."

तांबडी चकती बंधारा टाळून आत आली आणि धक्क्याच्या पायऱ्यांना लागली. त्या दिवशी तिथेच लोकांनी तिच्या नवऱ्याला केसांना धरून वर ओढलं होतं. पांढरी चकती भूशिराला वळसा घालून उघड्या समुद्राकडे गेली, आणि हौदाच्या कडेशी जाऊन गोल गोल फिरत राहिली.

आईने ते शेवटपर्यंत बघितलं. मग तिची नजर मोटरच्या दांड्यावर गेली. दांडा उजवीकडे होता. डावीकडच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली होती.

"हे उलटंही फिरतं का गं?"

"फिरतं. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागातली बंदरं बघायची असली की. तिकडे सगळं डावीकडे वळतं. पण आपलं बंदर हौदात असताना उलटं फिरवत नाहीत."

"का?"

तशी रीतच होती. भोवरीने इथे कामाला सुरुवात केली तेव्हापासून ती पट्टी तिथे होती. सुटली की कुणीतरी न बोलता नवी लावायचं.

"एकदा," आई म्हणाली.

आईने आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. भोवरीने चकत्या उचलल्या, टेबल थांबवलं, पट्टी सोलली आणि दांडा डावीकडे ओढला. पडदा उलट्या दिशेने सरकू लागला. पाणी निवांत व्हायला या वेळी फारच वेळ लागला, की तिलाच तसं वाटलं.

त्याच जागी तिने पांढरी सोडली, तांबडी सोडली. दोन्ही चकत्या डावीकडे वळल्या. पांढरी भूशिराकडे पाठ करून, घरच्या वाटेला लागलेल्या माणसासारखी, थेट पायऱ्यांशी आली. आईने वाकून तिच्यावर बोट ठेवलं.

"आई, चालू असताना पाण्यात हात घालायचा नसतो."

आईने बोट काढलं नाही. तांबडी चकती बंधाऱ्याच्या बाहेरून निघून गेली.

"बघितलंस ना? आता बंद करते."

"राहू दे जरा वेळ." आईचा आवाज अगदी साधा होता. "जावयांना रोज पहिली पोळी मी वाढते. त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. आणि रोज वाढताना माझ्या मनात येतं, या ताटावर हे बसायला हवे होते. तुझ्या कपाळाकडे बघून लाज वाटते मला. तरी येतंच."

भोवरीने फोन काढला. उगाच, नुसता आवाज ऐकायला. त्या दिवसापासून नवरा पहिल्या रिंगलाच फोन उचलायचा. आंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर न्यायचा.

रिंग वाजत राहिली. तुटली. तिने पुन्हा लावला. पुन्हा नुसती रिंग.

तिने दांडा मध्ये आणला. मोटर कण्हली आणि बंद पडली. पडदा थांबला. पण हौदातलं पाणी थांबलं नाही. आता कुठे ते फिरताना दिसू लागलं, सगळं एकदम, आणि तांबडी चकती त्याच्याबरोबर हौदाच्या कडेकडे, उघड्या समुद्राकडे जात राहिली.

"उचल ना फोन," भोवरी म्हणत होती. "अरे, उचल ना."

आईने लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग बोटाखालच्या पांढऱ्या चकतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पट्टा सोडून ती उठली आणि तिने बोट उचललं.

पांढरी चकती पायऱ्यांपासून सुटली आणि फिरत्या पाण्यात गेली. आईने तिकडे पाहिलं नाही. हौदाच्या कडेला गुडघे टेकून, पदर भिजत असताना तिने हात लांब केला, तांबडी चकती पकडली, पदराने कोरडी केली आणि धक्क्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवून दिली.

"हॅलो," फोनमध्ये नवरा म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"कुठे होतास तू?"

"इथेच. दाराशी. फोन वाजत होता, पण मला हलताच येईना, काय झालं कुणास ठाऊक. दार वाजलं म्हणून गेलो, तर... कोणी नव्हतं. जाऊ दे. तुम्ही या लवकर."

भोवरीने फोन खाली घेतला. हौदातली लहर आता मंदावत होती. आई ओला पदर पिळत होती.

बाबांना दार वाजवण्याआधी दोनदा खोकायची सवय होती. लाँचवर बिनतारी यंत्रावर बोलण्याआधी खोकायचे, तीच घरापर्यंत आलेली. आई आतूनच म्हणायची, आले. ते दोघींनाच ठाऊक होतं. जावई येऊ लागला तेव्हा त्याच्यासमोर असं खोकू नका, असं आईने सांगितलं होतं आणि बाबांनी ते पाळलं होतं, म्हणून दाराशी ते खोकणं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"विचार त्यांना," आई म्हणाली, "दार वाजायच्या आधी कोणी खोकलं का."

भोवरीने फोन कानाला लावला, पण तिला विचारावं लागलं नाही. तो पलीकडे अजून बोलतच होता, स्वतःशी बोलल्यासारखा.

"दोनदा," तो म्हणत होता. "मला वाटलं, शेजारचे असतील."

आईने मान हलवली. मग ती खाली वाकली, फरशीवर पडलेली चिकटपट्टी तिने उचलली, आणि डावीकडच्या खाचेवर अंगठ्याने दाबून दाबून बसवू लागली.

"जावयांना म्हणावं, आम्ही निघालो," ती म्हणाली. "आणि म्हणावं, आमच्यासाठी थांबू नका, चहा घ्या."