क्लचमागचे नऊ ताईत

“जुना ताईत परत आणायचा, मगच नवा न्यायचा. त्याची चाकरी एका वर्षाची असते.” मात्सूदेवीच्या देवळातल्या लिन आजी दर वर्षी मला हे बजावायच्या, आणि दर वर्षी मी म्हणायचे, “पुढच्या खेपेला नक्की आणते, आजी.” नऊ वर्षं झाली. आजी गेल्या, शब्द तसाच राहिला.

मला ते सोडवतच नसत. आमच्या ह्यांची गियरची जुनी मोटरसायकल, आणि बांबूच्या बनातली वाट उभ्या चढणीची, ओली. कोंबांची पोती मागे बांधून हे उतरायचे तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा. म्हणून नवा ताईत आणला, की त्याची लाल पुरचुंडी मी जुन्यांच्या शेजारीच बांधायची, डाव्या मुठीवर, क्लचच्या दांडीमागे. पावसासाठी मुठीवर जाड कापडी पिशवी चढवलेली असते. तिच्या आतलं कोणाला दिसत नाही.

या वसंतात गियर अडायला लागले. पहिला टाकताना खडखडाट, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडेना. मग एका दुपारी जेवताना ह्यांनी भाताचा वाडगा नेहमीसारखा डाव्या हातात घेतलाच नाही, टेबलावर ठेवूनच खाल्लं.

“अहो, वाडगा जड झाला का?”

“डावा हात पुरता मिटत नाही गं. क्लच दाबतो, पण शेवटपर्यंत जातच नाही. बाबांचं असंच सुरू झालं होतं.”

सासरे सहा वर्षं अर्धांगवायूने खाटेवर होते. सकाळचं शाकाहाराचं व्रत माझं आहेच. ते महिनाभर दिवसभराचं केलं आणि रोज उदबत्ती लावताना ह्यांच्या हाताचं नाव घेतलं.

अखेर हे गाडी देऊन टाकायला निघाले. मीही मागे बसून गेले. गावातला मेकॅनिक आ-ख्वेन ह्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला.

“घेऊन टाक. सुटे भाग तरी कामी येतील.”

“काका, ती तुमच्यापेक्षा तरुण आहे, तिला कशाला मारता?”

“माझा हात गेलाय.”

“हाताचं मागाहून. आधी हिचं बघू.”

त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवून सुरू केली, क्लच दाबून पहिला गियर टाकला. मागचं चाक फिरत राहिलं. ब्रेक दाबला, तर इंजिनच बंद पडलं. “क्लच सुटतच नाहीये. मग गियर भांडणारच.” त्याने केबल ताणली, ऑइल पाहिलं. फरक नाही. मग दांडी पुन्हा नीट, सावकाश दाबली आणि थांबला.

“काका, माझाही हात गेला वाटतं.”

त्याने मुठीवरची पिशवी ओढून काढली. आत नऊ पुरचुंड्या, घामातेलाने काळ्या आणि दगडासारख्या घट्ट, पाचरीसारख्या बसलेल्या.

“हे कोणाचं काम?”

“माझं,” मी म्हणाले. “दर वर्षी एक.”

“काकू, देवीने एवढं आवळून धरल्यावर गाडीने करायचं काय?” तो हसला. पण कात्री त्याने माझ्याच हातात दिली. देवीची गाठ दुसऱ्याने कापू नये, हे त्याला ठाऊक होतं. मी कात्री ठेवली आणि नखांनी एकेक गाठ सोडवली. त्याने केबल पूर्वीसारखी सैल केली.

ह्यांनी दांडी दाबली. ती मुठीला टेकली. पुन्हा दाबली, मग उगाचच तिसऱ्यांदा.

“मिटतो गं,” हे म्हणाले, आणि बराच वेळ दांडी तशीच धरून राहिले.

घरी येताना मी मागून विचारलं, “रागावलात?”

“नऊ वर्षांत एकदाही पडलो नाही. रागावू कशावर?”

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. हे उजाडताच बनाकडे गेले. चढणीवर गियर पडत गेल्याचे आवाज मी ओट्यापाशी उभी राहून ऐकले, खडखड नव्हती. ह्यांचा भात झाकून ठेवला, वाडगा शेजारी. सोडा म्हटलं असतं तर ह्यांनी देवळापर्यंत सोडलं असतं, पण शब्द मी दिला होता. आठ ताईत रुमालात बांधले. नववा, सगळ्यांत नवा, थोडा वेळ हातात राहिला. मग तोही त्यांच्यात ठेवला, दार ओढून घेतलं आणि उतरणीला लागले.