माझ्यावर सांडलेला चुरा

मित्रांनो, मी एक जुने लाकडी टेबल आहे, दोन्ही बाजूंना बाक जोडलेले. समुद्राजवळच्या रेडवूडच्या जंगलात, तंबू ठोकायच्या जागेवर मी उभे असते. भोवतीची झाडे इतकी उंच की त्यांचे शेंडे मी कधी पाहिलेले नाहीत. मीही त्यांच्यातलेच. वादळात पडलेल्या एका खोडातून मला कापले, रंधा मारला आणि इथेच ठेवले. मोडून पडल्यावरही घराजवळ राहायला मिळाले, हे माझे नशीब.

माझ्यावर कोणी पत्ते कुटले, कोणी सुरीने नावे कोरली. नावे राहिली, माणसे काही परत आली नाहीत. डेलबर्ट आणि त्याची बायको लोर्ना मात्र दर उन्हाळ्यात येत आणि हटकून माझ्याच शेजारी तंबू ठोकत. डेलबर्ट शाळेची बस चालवायचा. सकाळी लोर्ना पॅनकेक करायला बसे. तव्यावरचा पहिला नेहमी बिघडे. तो ती कुस्करून माझ्यावर पसरायची आणि 'जे' नावाचे तुरेवाले निळे पक्षी झुंडीने उतरायचे.

"या, भामट्यांनो," ती म्हणायची, "तुमच्याशिवाय कोण खाणार माझ्या हातचं?"

शेजारचे तंबूवाले कौतुकाने बघत आणि आपल्याही पावाचा चुरा टाकत. त्या पक्ष्यांच्या नखांच्या गुदगुल्या मलाही आवडायच्या.

पण लोर्नाचा खरा जीव दुसऱ्याच पक्ष्यावर होता. भल्या पहाटे, धुक्यात, समुद्रावरून मरलेट नावाचा लहानसा पक्षी उंच फांदीवरच्या पिलासाठी मासा घेऊन येई. दिसायचा नाही, उंचावर फक्त 'कीर, कीर' ऐकू यायचे. लोर्ना लगेच डेलबर्टला गदागदा हलवायची.

"झोपू दे ना गं."

"झोपायला घर आहे. ऊठ, आला बघ."

पुढे तो आवाज कमी कमी होत गेला. लोर्नाला वाटले, आपले कानच गेले. डेलबर्ट तिला बहिरी म्हणून चिडवायचा. ती हसायची, पण पहाटे कानामागे हात धरून कितीतरी वेळ बाहेर उभी राहायची. मला फार वाईट वाटायचे.

मग एका हिवाळ्यात लोर्ना गेली. पुढच्या उन्हाळ्यात डेलबर्ट आपल्या मुलीला, कॉरिनला, घेऊन आला. कॉरिन पाणी आणायला गेली होती. त्याने करपलेला पॅनकेक कुस्करला, अगदी लोर्ना कुस्करायची तसा बारीक. तेवढ्यात वनरक्षक योलांडा आली, बाकावर बसली आणि चुरा टाकू नका म्हणाली.

"माझी बायको आयुष्यभर टाकत आली," डेलबर्ट म्हणाला.

"सगळेच टाकतात, डेलबर्ट. म्हणून तर हे निळे पक्षी इतके माजलेत. इथलं संपलं की ते वर फांद्यांवर जातात. मरलेट वर्षाला एकच अंडं घालते. तेच हे फोडून खातात."

"मरलेट? ते पहाटेचे?"

"हो. इथे आता त्यांचं एकही घरटं उरलं नाही."

"म्हणजे तिचे कान चांगले होते," डेलबर्ट स्वतःशीच म्हणाला.

मग त्याने फडके भिजवले आणि मला पुसायला घेतले. फटींतला कण न् कण नखाने काढून खिशात भरला. निळे पक्षी फांदीवरून ओरडत राहिले. कॉरिन पाणी घेऊन परतली.

"बाबा, आईच्या पक्ष्यांना काही घातलं नाहीत?"

त्याने वर पाहिले. खरे सांगायला तोंड उघडले आणि मिटले.

"पॅनकेक चांगले झालेत आज," तो म्हणाला. "एकही बिघडला नाही."

मित्रांनो, हे कोणा दुष्टाने केले असते तर मी रागावले असते. लोर्नावर कसे रागावू? रानात जरूर या. जेवा, हसा, पण उठताना मला स्वच्छ पुसून जा. एवढे जर लोर्नाला कोणी वेळेवर सांगितले असते, तर तिने माझ्यावर एक कणही राहू दिला नसता.