हजर, पण मत नाही

आमच्या गावच्या साप्ताहिकात आम्ही दोघंच, संपादक ऑरव्हिल आणि मी. निवडणूक आली की उमेदवारांची कुंडली मांडायचं काम माझ्या गळ्यात पडतं. यंदा आमच्या राज्याच्या गव्हर्नरपदाला रॉस लिंडहोल्म उभा होता. रॉस आमचाच, इथल्या मक्याच्या शेतांतून वर गेलेला, दोनदा आमचा आमदार झालेला.

ऑरव्हिल म्हणाले, "मार्ला, तू त्याचं आरोग्याचं धोरण घे. सोपं काम आहे. बाळंतपणाच्या वॉर्डासाठी त्याने जिवाचं रान केलं होतं, सगळ्यांना माहितीय. मजकूर थोडा, फोटो मोठा."

सोपं काम आहे असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण काम घेतलं.

आमच्या दवाखान्यातला तो वॉर्ड पैशांअभावी बंद पडला, त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला, ट्विलाला, अवेळी कळा सुरू झाल्या. तिच्या नवऱ्याने, केंटने, गाडी काढली. जवळात जवळचा दवाखाना दीड तासावर, आणि रस्त्यावर बर्फ. मुलगी गाडीतच जन्मली आणि गाडीतच गेली. इंगा नाव ठेवलं होतं तिचं. मातीला रॉस आला होता. नंतर चर्चच्या तळघरात सगळे कागदी ताटल्यांत हॅमचे सँडविच घेऊन बसलो, तेव्हा तो ट्विलाचा हात धरून म्हणाला, "मी लढलो गं. कोणाच्याच हातात काही राहिलं नव्हतं."

त्या एका वाक्याच्या आधाराने ट्विला अंथरुणातून उठली. पुढे रॉस उभा राहिला तशी ती त्याच्या सभांना जाऊ लागली. इंगाची गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "रॉसने सगळं केलं. काही होण्यासारखं नव्हतंच." लोक रडायचे. मला ते बघवत नसे, पण ती पुन्हा जेवू लागली होती, केस विंचरू लागली होती, म्हणून मी तोंड बंद ठेवलं.

मी विधिमंडळाचे कागद मागवले. आमच्या राज्यात प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते, कोणीही उठून बोलू शकतं, आणि बोललेला शब्द न् शब्द नोंदला जातो. याचा आम्हाला भारी अभिमान. आमचा वॉर्ड बंद पडण्याआधी गावोगावच्या वॉर्डांना पैसे देणारं एक विधेयक आलं होतं, त्यावर रॉस काय सुंदर बोलला होता! "बाळाला जिल्ह्याची हद्द कळत नाही," असं म्हणाला होता. मी फोनवर ट्विलाला वाचून दाखवलं.

"बघ, सांगत नव्हते मी?" तिचा आवाज फुलला होता. "पण मग ते पाडलं कोणी, मार्ला?"

"समितीतच पडलं. पुढे सभागृहात गेलंच नाही."

"समितीत म्हणजे कोणी? नावं असतील ना त्यांची? छाप. एकेकाचं नाव छाप."

"अगं, जुनं झालं आता ते."

"तुला जुनं. मला नाही."

खरं सांगायचं तर मलाही ती नावं हवी होती. सुनावणीला आम्ही गाड्या भरभरून जातो, बोलतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. मग काही आठवड्यांनी समिती एका छोट्या खोलीत बसून मत घेते, त्या दिवशी आमच्यातलं कोणी तिथे फिरकत नाही. आमच्यासाठी जो सुनावणीत बोलला तो लढला, हिशेब संपला. मी आजवर एवढ्या निवडणुकांची पानं काढली, कधी मतांचा कागद मागवला नव्हता.

कागद आला. बाजूने तीन. विरोधात तीन. पुढे जायला चार लागत होती. सातवं नाव रॉसचं, आणि त्याच्यासमोर लिहिलं होतं, हजर, पण मत नाही.

मला वाटलं, चूक असेल, तो त्या दिवशी आजारी असेल. समितीच्या कार्यालयातल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गैरहजर असते तर गैरहजर लिहिलं असतं. नाव पुकारलं तेव्हा ते खुर्चीतच होते."

मग रॉसलाच गाठलं. प्रचाराच्या धबडग्यातही त्याने फोन उचलला, आमच्या गावचा नंबर बघून.

"मार्ला! कशी आहे आपली ट्विला?"

"मत का दिलं नाहीस, रॉस?"

तो म्हणाला, "मी विरोधात मत नव्हतं दिलं. हे नीट लिही हं."

"बाजूने का नाही ते विचारतेय."

"सभागृहाच्या अध्यक्षांचा विरोध होता त्याला. आणि माझं शेतांच्या करसवलतीचं विधेयक त्यांच्याच हातात. तिथे असंच चालतं गं. तुमच्याच शेतकऱ्यांसाठी केलं मी."

"आणि मातीला आलास तेव्हा?"

"तेव्हा काय सांगणार होतो तिला?" तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला खरंच वाईट वाटत होतं. मूग गिळून बसणाऱ्यांनाही वाईट वाटतं. त्याने कोणाचंच पोट भरत नाही.

दुपारी ट्विलाकडे गेले. शनिवारी जत्रेच्या मैदानावर शेवटची सभा होती, तिचं भाषण होतं, आणि ती निळ्या ड्रेसला इस्त्री करत होती.

"मिळाली नावं?" तिने विचारलं.

मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला. मग इस्त्री बंद केली, वायर नीट गुंडाळली आणि खुर्चीत बसली.

"त्याने हो म्हटलं असतं तर झालं असतं?"

"पुढे सभागृहात गेलं असतं. तिथे काय झालं असतं, कोण सांगणार?"

"पण होऊ शकलं असतं."

खोटं बोलावंसं फार वाटलं. "होऊ शकलं असतं," मी म्हटलं.

"कशाला आणलास गं हा कागद?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काही होण्यासारखं नव्हतंच, यावर मी जगत होते, मार्ला. मला वाटायचं, थंडी पडते, पाऊस पडतो, तसं झालं हे. आणि तू सांगतेस, एक माणूस खुर्चीत बसला होता आणि त्याने तोंड उघडलं नाही."

"तू नको म्हण. मी नाही छापणार."

"नको कशी म्हणू? अजून कोणाला तरी दीड तास जायचं असेलच ना?" तिने कागद माझ्या हातात परत दिला. "छाप. आणि आज जा तू."

आम्ही छापलं. ऑरव्हिल कुरकुरले, पण छापलं. मैदानावर ट्विलाऐवजी दुसरं कोणीतरी बोललं. आमच्या जिल्ह्यात रॉसला आजवरची सगळ्यात जास्त मतं पडली आणि तो गव्हर्नर झाला. दुकानात दोघीतिघी मला म्हणाल्या, "बिचाऱ्या बहिणीचा तरी विचार करायचास." मी पाव घेतला आणि बाहेर पडले.

ट्विला महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी चर्च सुटल्यावर माझ्या गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "स्मशानभूमीत ने मला." फाटकाशी गाडी थांबवली. तिने पट्टा सोडला, दार उघडलं, आणि पाय बाहेर न टाकता तशीच बसून राहिली. गार वारा आत येत होता.

"चल, मी येते बरोबर," मी म्हटलं.

"दर रविवारी येऊन मी तिला सांगते गं," ट्विला म्हणाली. "बाळा, तुझ्यासाठी कोणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. आता तिला काय सांगू?"

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, पण खाली काही उतरली नाही. बऱ्याच वेळाने तिने दार ओढून घेतलं, आणि मी गाडी वळवली.