त्रेसष्टातलं एक

भिंगरीला नोकरी लागून एकवीस दिवस झाले होते. बाविसावा उजाडेल की नाही, अशी शंका तिला त्या बुधवारी सकाळी साडेदहालाच यायला लागली.

नोकरी होती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. विहिरी, टाक्या, शाळांचे नळ अशा सगळीकडून बाटल्या यायच्या, पाण्याची तपासणी व्हायची आणि अहवाल ईमेलने ज्याचा त्याला जायचा. भिंगरीचा बाटल्यांशी संबंध नव्हता, तिच्या ताब्यात होते कॉम्प्युटर. विचार करताना खुर्ची गरगर फिरवायची सवय, म्हणून पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते स्वतःच्या नावापेक्षा जास्त आवडलं.

शनिवारी तिने एक मोठा पराक्रम केला होता. प्रयोगशाळेचा जुना सर्व्हर कपाटात बसून दिवसभर म्हाताऱ्यासारखा खोकायचा. त्याच्यावरचं सगळं बिऱ्हाड तिने उचललं आणि एका व्हर्च्युअल मशीनवर नेऊन मांडलं. म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या अवाढव्य कॉम्प्युटरच्या पोटात आपल्यापुरता एक कॉम्प्युटर भाड्याने घ्यायचा. हात लावायला काही नाही, पण काम चोख! प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

आणि आता टायपिस्ट मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या.

"काय गं भिंगरे, शाळेचा फोन होता. सोमवारचा अहवाल मिळाला नाही म्हणतात. मी तर पाठवलाय! माझ्याकडे 'पाठवलेल्या'त दिसतोय ढळढळीत."

"स्पॅममध्ये बघा म्हणावं, मावशी."

"बघून झालं त्यांचं. आणि हा सकाळपासूनचा तिसरा फोन आहे. तुझ्या त्या हवेतल्या कॉम्प्युटरने गिळले की काय अहवाल?"

तिने मशीन उघडून पाहिलं. येणारी पत्रं झकास येत होती. ऑफिसातल्या ऑफिसात जाणारीही पोचत होती. म्हणूनच तर दोन दिवस कुणाला पत्ता लागला नाही! पण बाहेर जाणारं एकही पत्र शनिवारपासून हललं नव्हतं. सगळी रांगेत उभी होती. त्रेसष्ट पत्रं! आणि पाच दिवस थांबूनही जाता आलं नाही, तर मशीन हात टेकणार आणि पत्रं पाठवणाऱ्यालाच परत करणार.

दुपारपर्यंत एकामागून एक अकरा जण येऊन गेले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "माझं का नाही गेलं?" भिंगरी प्रत्येकाला "होतंय, होतंय" म्हणत होती आणि खुर्ची अशी फिरवत होती की बघणाऱ्याला घेरी यावी.

तिने पत्ते तपासले. बरोबर. मशीनची स्वतःची फायरवॉल तपासली, तीही वाटेत आडवी आलेली नव्हती. मग ती नोंदी वाचायला बसली. प्रत्येक पत्रापुढे तेच रडगाणं होतं: गेलो, दार ठोठावलं, कुणी उघडलं नाही, थांबून थांबून परत आलो. शाळेचं दार बंद, नगरपालिकेचं बंद, मुख्य कार्यालयाचंही बंद. एवढी सगळी दारं एकाच शनिवारी बंद होतील? छे! तिने आपल्या टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरवरून तेच दार ठोठावून पाहिलं. लगेच उघडलं! मग व्हर्च्युअल मशीनवरून ठोठावलं. ढिम्म.

म्हणजे समोरच्यांनी दार लावलेलंच नव्हतं. आपलंच बाहेर पडायचं दार बंद होतं.

कंपनीच्या मदतीच्या पानावर ते चक्क ठळक अक्षरांत लिहिलेलं सापडलं. लबाड लोक मशीन भाड्याने घेऊन जगभर कचरा पाठवतात, म्हणून नव्या मशीनचं पंचवीस नंबरचं पोर्ट, म्हणजे थेट पत्र पाठवायचं दार, आम्ही बंदच ठेवतो. आमच्या टपालसेवेत खातं उघडा आणि नाव-पासवर्ड दाखवून दुसऱ्या दाराने जा. शनिवारी हेच पान तिच्यासमोर आलं होतं, आणि तिने ढुंकूनही न बघता 'वाचले, मान्य आहे'वर टिचकी मारली होती. भिंगरीने स्वतःच्या कपाळावर एक सणसणीत चापट मारली.

खातं उघडायला, हे पत्ते खरोखर आमचेच आहेत हे पटवून द्यायला आणि मशीनला नवा रस्ता शिकवायला अडीच वाजले. चाचणी म्हणून तिने घरी पत्र पाठवलं: "आई, पोचलं का?"

दोन मिनिटांत उत्तर आलं. "पोचलं. डबा खाल्लास का?"

भिंगरीने खुर्चीसकट तीन गिरक्या घेतल्या! इकडे रांगसुद्धा आपली आपण हलायला लागली होती. त्रेसष्ट. एकसष्ट. अठ्ठावन्न.

तेवढ्यात दारात बाटलीकाका आले. आलेल्या बाटल्या उतरवून घ्यायच्या आणि कुठलं पाणी कुठलं त्याची चिठ्ठी चिकटवायची, हे त्यांचं काम. सोमवारी दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि मोठ्या बाई त्यांना भर कॉरिडॉरमध्ये अशा बोलल्या होत्या की भिंगरीने आत बसल्या बसल्या मान खाली घातली होती.

"या ना काका! सुटलं एकदाचं! जातायत बघा सगळी!"

काकांनी पडद्याकडे असं बघितलं, जणू तिथे कुणाचा अपघात होत होता.

"सगळी जाणार?"

"सगळीच्या सगळी!"

"एखादं..." काकांनी दार हळूच लोटून घेतलं. "एखादं न जाता राहू शकतं का गं?"

भिंगरीची खुर्ची थांबली.

"कुणाचं?"

"माझंच. राजीनामा आहे." काका स्टुलाच्या कडेवर टेकले. "सत्तावीस वर्षं चिठ्ठ्या चिकटवतोय मी. चुकलो ते चुकलोच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पोरासोरांसमोर? डोकं फिरलं. साडेचारच्या सुमारास थेट मुख्य कार्यालयाला लिहून टाकलं."

"बाईंना न सांगता?"

"म्हटलं, वरून फोन येईल तेव्हा कळेल. आणि काल बघ, बाई स्वतः माझ्या खोलीत आल्या. गुडघा कसा आहे म्हणाल्या. उंच स्टूल मागवून दिलं. आज म्हणतात, नवी मुलं येतायत, त्यांना चिठ्ठ्यांचं काम तुम्हीच शिकवा. मला वाटलं, फोन आला असणार आणि बाईंनी तो परस्पर मिटवला. वर मला एका शब्दाने टोचलंसुद्धा नाही! घरी बायकोला सांगितलं मी, केवढं मन आहे बाईंचं." काका पुन्हा पडद्याकडे वळले. "आणि आत्ता मावशी सांगते, शनिवारपासून काही गेलेलंच नाही. म्हणजे बाईंना काही माहीतच नाही. आता कळेल आणि संपलं सगळं."

"अहो काका, पण मग तर उलटंच ना!" भिंगरी जवळजवळ ओरडलीच. "राजीनाम्याचं माहीत नसताना त्यांनी गुडघा विचारला. तुम्ही सोडून जाल म्हणून नाही. उगाचच! म्हणजे आपणहून!"

पडद्यावर आकडा सत्तेचाळीसवर आला होता.

"अगोबाई," भिंगरी म्हणाली आणि कीबोर्डवर तुटून पडली.

रांगेत पत्राचा मजकूर दिसत नाही. कुणाकडून, कुणाला, कधी आणि केवढं, एवढंच दिसतं. ते उघडून वाचायचं नाही, असं भिंगरीने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलेलं होतं. काकांची मुख्य कार्यालयाला जाणारी पत्रं तिने निवडून काढली. दोन होती. एक सोमवारी चार एकतीसचं, एक चार चौतीसचं.

"काका, दोन राजीनामे दिलेत?"

"छे गं. एक बाटल्यांची मागणी असेल. पुढच्या महिन्याची."

"राजीनामा दिल्यावर तीन मिनिटांनी बाटल्यांची मागणी पाठवलीत?"

"मग? मी गेलो म्हणून काय पाणी तपासायचं बंद होणार आहे?" काका चिडूनच म्हणाले. मग त्यांना शंका आली. "की मागणी आधी पाठवली? आता आठवत नाही बघ. दोन्ही थांबव."

"आणि पुढच्या महिन्यात पाणी कशात भरायचं, माझ्या डब्यात?"

एकेचाळीस. छत्तीस. भिंगरीने ओठ चावला. मग तिची नजर शेवटच्या रकान्यावर गेली.

"राजीनामा केवढा होता?"

"तीन ओळी."

"आणि मागणीला तक्ता जोडला होता?"

"चांगला आठ पानी!"

एक पत्र एवढंसं होतं आणि दुसरं त्याच्या शंभरपट. एवढंसं पत्र तिने आज्ञा देऊन जागच्या जागी रोखून धरलं. तेवढ्यात आठ पानी तक्ता डोळ्यांदेखत निघून गेला. मग भराभर सगळी गेली. वीस, नऊ, तीन. शेवटी रांगेत एकच पत्र उरलं, केविलवाणं, कोपऱ्यात.

तिने पुसायची आज्ञा लिहिली आणि कीबोर्ड काकांकडे सरकवला.

"मी कुणाचं पत्र पुसत नाही. तुमचं आहे, तुम्ही एंटर दाबा."

काकांनी डिंकाने खरखरीत झालेलं बोट पुढे केलं. दाबलं. रांग रिकामी झाली. काका गुडघ्यावर हात देऊन उठले.

"सांगून येतो बाईंना."

"अहो पण आता पुसलंच ना ते! कशाला?"

"त्यांनी गुडघा विचारला ना," काका म्हणाले आणि गेले.

भिंगरीला डबा उघडायचं सुचेना. बाईंच्या केबिनचं दार लागलं. आणि मग जो आवाज चढला, तो टायपिस्ट मावशींची टकटक थांबवून थेट बाटल्यांच्या खोलीपर्यंत पोचला.

"राजीनामा? आणि तो मला वगळून थेट वर? मी काय मेले होते? सत्तावीस वर्षांत एकदा माझ्यासमोर येऊन भांडता नाही आलं तुम्हाला? कॉरिडॉरमध्ये बोलले ते माझं चुकलं! शंभरदा चुकलं! पण म्हणून तुम्ही निघून जाणार? आणि माझी पुढची बॅच कोण शिकवणार, तुमचा गुडघा?"

काका बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते आणि चेहरा मात्र बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा दिसत होता.

"फार ओरडल्या गं," ते भिंगरीच्या दारात थांबून म्हणाले. "अख्ख्या ऑफिसला ऐकू गेलं असेल, नाही?"

"शब्द न् शब्द, काका."

"बरं झालं," काका म्हणाले आणि तीन वाजताच्या बाटल्या उतरवून घ्यायला निघून गेले.