राखेनं घासलेलं नरसाळं

दुपारपासून स्नेहलच्या गच्चीवर चार खेपा झाल्या होत्या. पांडवलेण्यांचा डोंगर धुरकट हवेत हरवला होता आणि सातपूरच्या अंगानं काळं आभाळ चढत होतं. प्रबंधासाठी तिला वळवाच्या पहिल्या दहा मिनिटांचं पाणी हवं होतं. कारखान्यांचा नि वाहनांचा धूर, विजेमुळं हवेत तयार होणारे वायू, सगळं विरघळून त्याच पाण्यात उतरतं आणि ते आम्लधर्मी होतं. नंतरची सर बरीच निवळ. मागचा वळीव ती महाविद्यालयात परीक्षेच्या कामात अडकली असताना पडून गेला होता. आता पावसाळा आठवड्यावर आला होता.

वीज कडाडली. टपोरे थेंब तडतडले. दहाव्या मिनिटाला तिनं भिजतच, पाणी धरायला गच्चीवर लावलेल्या नरसाळ्याखालची बाटली काढली.

ओट्यावर ठेवलेल्या मापकानं पीएच दाखवला : आठ पूर्णांक नऊ. तिनं मापकाची कांडी धुऊन पुन्हा बुडवली. तोच आकडा. गेल्या वर्षी पाचाखाली उतरलेलं आम्ल पाणी यंदा साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी?

"आई, गच्चीवरच्या नरसाळ्याला कुणी हात लावला होता?"

"मीच घासलं सकाळी. बाटलीबी," कुसाबाई, तिच्या चांदवडच्या सासूबाई, कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "बंबातली राख लावून. लय कळकटलं होतं. एवढी शिकली, पण भांडं घासायचं नाव नको!"

"धुतलं नीट?"

"तांब्याभर पाणी वतलं की."

"आई, राख आम्ल मारते! आणि मला तेच मोजायचं होतं."

कुसाबाईंचा चेहरा उतरला. त्या पुटपुटल्या, "घामोळ्यांच्या अंघोळीला पावसाचं पाणी धराया टप ठेवलाय वर. त्याला राख नाय लावली."

स्नेहल धावत वर गेली. टपातलं पाणी चार पूर्णांक आठ निघालं.

"जमलं?"

"खरं काय ते कळलं. पण प्रबंधात धरता येणार नाही. टप सकाळपासून उघडा, पाणी अख्ख्या सरीचं."

तिनं वहीत लिहिलं : नमुना बाद, भांड्यात राख.

दोघी पुन्हा गच्चीवर आल्या तेव्हा पावसानं धुतलेल्या हवेत डोंगरावरची झुडपं एकेक मोजता येत होती. कुसाबाई हात पाठीमागं बांधून नरसाळ्यापासून लांब उभ्या होत्या. खाली महामार्गावर थांबलेले ट्रक धूर सोडत हलू लागले, आणि पुढच्या वळवाआधी ही हवा पुन्हा मळावी, असं आपल्याला वाटतंय हे ध्यानात येऊन स्नेहल चरकली.