एक नंबरचा बिल्ला

"किल्ली कावून नेली बे संगं?"

बंकटमामांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. समोर धर्मराज नावाचा नवा ड्रायव्हर उभा होता. अर्धा खाल्लेला वडापाव हातात तसाच धरून तो मामांकडे बघत राहिला.

"माजी गाडी हाय, माजी किल्ली हाय," तो म्हणाला. "चोरीला गेली तं?"

"रिकामा टँकर कोन चोरतंय इथं? मागं वळून बग जरा. बावीस गाड्या खोळंबल्यात."

खरंच खोळंबल्या होत्या. धर्मराजच्या पुढच्या पाच गाड्या पाणी भरून निघून गेल्या होत्या. पुढची जागा मोकळी, पाइपातून पाणी वाहतंय आणि किल्ली नसलेली याची गाडी वाटेत उभी. दोन्ही बाजूंना दगडी कठडे, त्यामुळे बाजूने काढायचीही सोय नाही. मागचे ड्रायव्हर टपावर चढून धर्मराजच्या सात पिढ्यांची चौकशी करत होते.

ही जागा म्हणजे आमच्या तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्याचा गाडीतळ. ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्या इथे नंबर लागेपर्यंत उभ्या राहायच्या. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही, ऊस नाही म्हणून कारखाना बंद पडला, पण त्याच्या विहिरीला पाणी होतं. मग तहसीलने ठरवलं, टँकर इथेच भरायचे. कुठली गाडी किती खेपा करते हे लिहायला पंचायत समितीतून मला पाठवलं. मी कनिष्ठ लिपिक, नोकरीला दोन वर्षं झालेली. पत्र्याच्या छपराच्या केबिनमध्ये पंख्याखाली रजिस्टर घेऊन बसायचं, एवढंच काम. पंखा वीज असेल तेव्हा फिरायचा. वीज असली तरच विहिरीवरची मोटरही चालायची, आणि वीज बारा वाजता जायची ती चारला यायची.

बंकटमामा मात्र कारखान्याचे. एकतीस वर्षं त्यांनी या तळावर बैलगाड्यांना नंबर दिले. कारखाना बंद पडला तरी ते रोज सकाळी डब्यात वच्छलामामींच्या हातची भाकरी घेऊन यायचे आणि मोकळ्या तळावर एक फेरी मारून जायचे. टँकर आले तेव्हा त्यांना कुणी नेमलं नाही. त्यांनीच कपाटातून पत्र्याचे जुने बिल्ले काढले, पुसले, आणि पहिल्या टँकरच्या आरशाला दोन नंबरचा बिल्ला अडकवला. टँकरला ते गाडीच म्हणत. एखादा ड्रायव्हर सावलीत लवंडलेला दिसला की विचारायचे, "काय रं, बैलं सोडली का न्हाई?"

त्या तळाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. पाण्यापाशी हॉर्न वाजवायचा नाही. पुढच्याला "अजून किती येळ" असं विचारायचं नाही. टाकी भरली की आधी गाडी पुढे काढायची, झाकण मग लावायचं. आणि चहाला जा, झोपायला जा, किल्ली गाडीतच ठेवायची. लाइन सरकली की मागचा ड्रायव्हर उतरून तुमची गाडी पुढे घेतो, मग स्वतःची घेतो. बैलगाड्यांच्या काळात मागचा माणूस पुढच्याची गाडी जू धरून ओढायचा, तसंच. खोटं बोलायला फक्त एका बाबतीत परवानगी होती. गावाकडून फोन आला की तिसाव्या नंबरचा ड्रायव्हरसुद्धा बिनदिक्कत सांगायचा, "निघालोच!"

आणि एक नंबरचा बिल्ला लाइनीत वाटायचा नाही. तो केबिनमध्ये मामांच्या डोक्यावर एका खिळ्याला टांगलेला असायचा. कुणाच्या गावात मयत झालं तर तो ड्रायव्हर खिडकीशी येऊन एवढंच म्हणायचा, "मामा, मयत हाय." मामा बिल्ला काढून द्यायचे. ती गाडी लाइनीत न शिरता बाहेरच्या रस्त्याने थेट पाइपाखाली जायची. प्रेताला अंघोळ घालायची असते, स्मशानातून आलेल्या माणसांनाही अंघोळ लागते, आणि गावात पाणी तर तिसऱ्या दिवशी येणार. कुणाचं मयत, हे मामा विचारायचे नाहीत.

"कावून विचारायचं?" ते मला म्हणाले होते. "मला विठ्ठलराव मुकादमांनी बिल्ले दिले तवा सांगितलं, एक नंबर मागंल त्याला द्यायचा. त्यांनी बी कदी विचारलं न्हाई."

धर्मराज किल्ली गाडीत ठेवायला दोन दिवसांत शिकला. दुसरी गोष्ट त्याला त्याहून लवकर कळली. आठवड्याभराने तो डोक्यावर रुमाल घेऊन, तोंड पाडून खिडकीशी आला. "मामा, मयत हाय आमच्या वस्तीवर." मामांनी बिल्ला काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर आलं. मयत वगैरे काही नव्हतं. टँकरच्या मालकाच्या सोयऱ्याकडे साखरपुडा होता, पाणी तिकडे गेलं होतं. आदल्या दिवशी धर्मराज पाइपाखाली गेला तेव्हा लाइनीत पहिली गाडी होती त्रिंबकची. बाराला पंधरा मिनिटं कमी होती. धर्मराजची टाकी भरली आणि वीज गेली, ती रात्रीपर्यंत आलीच नाही. त्रिंबकच्या कोल्हेवस्तीला त्या दिवशी पाणी पोचलंच नाही.

त्रिंबक तसा पन्नाशीचा, शांत माणूस. आपल्याच गावाला पाणी नेणारा तळावर तो एकटाच ड्रायव्हर असल्यामुळे त्याला घरी गेल्यावरही बोलणी खावी लागायची. आता मात्र तो खिडकीशी येऊन ओरडला.

"मामा, लेकरं हंडे घिऊन बसली होती रातीपोत्तर! तुमी नुस्ता बिल्ला काढून देता. कागद मागा. पोलीस पाटलाची चिठ्ठी आणल्याबिगर कुनाला दिऊ नका, मी असलो तरी!"

मागून दहा-बारा जणांनी "बराबर हाय" म्हणून साथ दिली.

"आरं, मेलेल्या माणसाचा कागद मागू का मी?" मामा म्हणाले.

तेव्हा मी मध्ये पडले. मला वाटलं, हे तर आमचंच काम. कागद असला की भांडण राहत नाही, असं मला नोकरीत शिकवलेलं होतं. मी एक पुठ्ठा घेतला आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं : 'मयतासाठी अग्रक्रम. पोलीस पाटलाची चिठ्ठी आवश्यक.' अग्रक्रम हा शब्द लिहून मला बरं वाटलं होतं, हे आता सांगायला संकोच वाटतो. पुठ्ठा खिडकीला लावला. मामांनी तो वाचला आणि बाहेर जाऊन लाइन बघत उभे राहिले. धर्मराजला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्याला इतरांसारखा रोज नंबर दिला.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी साडेसातला त्रिंबक आला. रोजच्यासारखाच दिसत होता. डोळे जरा लाल होते, पण त्या उन्हाळ्यात कुणाचे नव्हते?

"मामा, एक नंबर पायजे होता," तो म्हणाला.

मामांचा हात सवयीने खिळ्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रजिस्टरमध्ये तारीख लिहीत होते. मान वर न करताच मी म्हणाले, "चिठ्ठी?"

त्रिंबकने पुठ्ठ्याकडे बघितलं. माझ्या मनात आलं, एवढं ओरडणारा हासुद्धा शेवटी त्यातलाच.

"चिठ्ठी न्हाई," त्रिंबक म्हणाला. मग लगेच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. लाइनीतलाच द्या."

मामांनी त्याला एकोणीस नंबरचा बिल्ला दिला. तो घेऊन तो गेला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं : त्रिंबक, कोल्हेवस्ती, एकोणीस.

अकराच्या सुमाराला कोल्हेवस्तीच्या ग्रामसेवकाचा फोन आला.

"म्याडम, त्रिंबकची गाडी भरली का हो? म्हातारी घरात तशीच हाय. मानसं बसून हायेत, अंघोळीला घागरभर पाणी न्हाई."

"कुठली म्हातारी?"

"त्याची आई. पहाटं गेली. त्यो सांगून गेलाय, पाणी घिऊनच येतो म्हणून."

मी फोन ठेवला. मामांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते मला काहीतरी बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी घातली, खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि उन्हात निघाले. मी त्यांच्यामागे गेले.

त्रिंबकच्या गाडीत कुणीच नव्हतं. तो त्याच्या पुढच्या गाडीत बसून ती सरकवत होता. ती गाडी धर्मराजची होती. धर्मराज लिंबाखाली झोपलेला. लाइन पुढे गेली होती, मग मागच्याने पुढच्याची गाडी घ्यायची, एवढंच. त्रिंबकने हँडब्रेक ओढला, खाली उतरला आणि आम्हाला बघून थांबला.

"बोलला का न्हाईस?" मामा म्हणाले.

"काय बोलू मामा? चिठ्ठी मीच मागाय लावली. मी असलो तरी दिऊ नका, हे बी मीच म्हणलो. आता माज्याच येळंला मोडू?" त्याने गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं. "पाटील काल चकलांब्याला गेलता सोयऱ्याकडं. त्याची वाट बगत बसलो असतो तं लाइनीतला नंबर बी गेला असता."

मामांनी बिल्ला पुढे केला.

"नगं मामा. आता चारच गाड्या हायेत म्होरं. बहीण बी यायचीय माजलगावहून. ती येईस्तोवर थांबायचंच हाय तसं बी."

बहिणीचं खरं होतं की आम्हाला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, ते मला अजून माहीत नाही. मला फार लाज वाटली. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "म्याडम, तुमी उन्हात कशाला आलात?"

मामांनी एकोणीस नंबर काढून एक नंबरचा बिल्ला त्याच्या आरशाला अडकवला. पण अडकवून उपयोग काय? गाडी दोन कठड्यांच्या मध्ये अडकलेली, पुढे चार टँकर. बाहेरच्या रस्त्याला काढायची तर मागच्या वीस गाड्या उलट्या घ्याव्या लागल्या असत्या.

एव्हाना गोंधळ ऐकून धर्मराज उठून आला होता.

"माजी गाडी कुनी म्होरं घेतली?"

"त्रिंबकनं," कुणीतरी सांगितलं. बाकीचंही सांगितलं असावं, कारण तो आपल्या गाडीकडे न जाता वळला. मग पुढच्या तिन्ही गाड्यांकडे पळत गेला आणि एकेका खिडकीशी थांबून काहीतरी बोलला. शेवटी येऊन आपल्या गाडीत चढला.

पाइपाखालची गाडी भरत आली होती, ती भरून निघून गेली. तिच्यामागची गाडी पाइपाखाली आली आणि न थांबता तशीच पुढे गेली. रिकामी. तिच्यामागची गेली. तिसरी गेली. चौथी धर्मराजची, तीही रिकामीच पुढे गेली. सकाळपासून ज्या पाण्यासाठी उभे होते त्याच्या खालून ते टँकर धडधडत निघून गेले. पाइप चालूच होता. पाणी टपांवर पडत होतं, जमिनीवर सांडत होतं, आणि एरवी थेंबासाठी भांडणारी ती माणसं गप्प उभी होती.

त्रिंबकची गाडी पाइपाखाली लागली. भरायला पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ मामा डोक्यावरची टोपी हातात घेऊन पाइपाजवळ उभे राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडली, तरी कुणी लगेच जागचं हललं नाही.

ते चारही ड्रायव्हर वळसा घालून नवा नंबर घ्यायला खिडकीशी आले. बारा वाजायला आले होते. म्हणजे आता चारनंतरच.

"जुनेच नंबर चालू द्या की," मी म्हणाले.

"न्हाई म्याडम, लाइन सोडली आमी," धर्मराज म्हणाला. तो माझ्याकडे किंवा मामांकडे बघत नव्हता. "द्या मामा, आसंल ते." मामांनी त्याला त्रेचाळीस नंबर दिला.

पाचव्या दिवशी त्रिंबक डोकं भादरलेला आला. एक नंबरचा बिल्ला त्याने खिडकीत ठेवला. घासून लख्ख केलेला होता.

"झालं का समदं नीट?" मामांनी विचारलं.

"झालं. पाणी पुरलं," तो म्हणाला, आणि रोजचा नंबर घेऊन लाइनीत गेला.

मी उठले आणि खिडकीवरचा पुठ्ठा काढला. खळीने घट्ट चिकटला होता, अर्धा काचेवरच राहिला. तो मी नखांनी खरवडत असताना मामांनी पक्कड घेऊन डोक्यावरचा तो खिळा उपसला. एकतीस वर्षांचा खिळा, भिंतीचा पोपडा घेऊनच निघाला. तो घेऊन ते बाहेर गेले. बाहेरून दगडाने ठोकल्याचा आवाज आला.

"म्याडम, हिकडं या जरा."

मी बाहेर गेले. खिडकीच्या शेजारी, बाहेरच्या चौकटीवर त्यांनी खिळा मारला होता आणि त्याला एक नंबरचा बिल्ला टांगला होता. तिथून तो केबिनमध्ये बसलेल्या माणसाला दिसतसुद्धा नव्हता.

"हात पुरतोय का बगा."

"मी कशाला मामा? ड्रायव्हर काय बुटके आहेत का?"

"तुमी समद्यात बुटक्या. तुमचा पुरला तं समद्यांचा पुरंल." मग हातातला दगड बाजूला टाकत ते म्हणाले, "इथून म्होरं कुनाला खिडकीत यिऊन सांगायला लागू नये."

मी हात वर केला. बिल्ल्याचा पत्रा उन्हाने तापला होता. हात पुरत होता.