बटणांच्या बरणीतला ब्रश

मी एक जुना दात घासायचा ब्रश आहे. जुना म्हटलं की तुम्हाला हसू येईल, कारण माझी उंची जेमतेम तुमच्या मधल्या बोटाएवढी. दांडा पिवळा, टोकाला बदकाचं चित्र. त्या बदकाची चोच आता पुसून गेली आहे. मित्रांनो, ज्या कामासाठी माझा जन्म झाला ते काम मी फक्त तीन महिने केलं. त्याआधी तेरा महिने मी नुसता बसून होतो. माझ्या गोष्टीतलं दुखणं त्या तेरा महिन्यांतच आहे.

कारखान्यात एका यंत्राने माझ्या डोक्यात मऊ, बारीक केस रोवले. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बाळांचा आहे बाई, जराही टोचता कामा नये." तेव्हापासून माझी मान ताठ. मोठ्या ब्रशांना काय, कुठल्याही तोंडात घातलं तरी चालतं! मला मात्र एका बाळाच्या पहिल्यावहिल्या दातासाठी घडवलं होतं.

त्या बाळाचं लाडाचं नाव गुंडी. तिची आई घरीच शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, मशीनशेजारी कापडांचा ढीग आणि फळीवर बटणांनी भरलेली काचेची बरणी. लेक झाली तेव्हा ती इतकी गोल आणि गुळगुळीत होती, की आईने तिला गुंडीच म्हणायला सुरुवात केली. वडील शहरात बस चालवायचे. मला घेऊन आली ती गुंडीची मावशी. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. गुंडीला खाली पुढचा पहिला दात आल्याचं कळताच ती त्याच संध्याकाळी हजर झाली.

"ताई, उद्यापासून सुरू कर हं," मावशी म्हणाली. "सकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, जास्त नको. आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून तिला झोपवू नकोस."

"अगं, एक तर दात आलाय! एका दाताला काय घासायचं?" आई हसली. "सगळे येऊ देत, मग बसते निवांत."

"दुधाचेच तर दात," वडिलांनी दुजोरा दिला. "पडणारच आहेत की नंतर."

मावशीने मला आईच्या हातात कोंबलं आणि ती बस पकडायला गेली. आईने मला वेष्टनासकट बटणांच्या बरणीत उभं केलं.

आई आळशी नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तिची कामाची रीतच तशी होती. चाळीस सदरे शिवायचे असले तर ती चाळीसही आधी पुरे करायची. मग एके दिवशी मांडी ठोकून सगळ्यांची काज-बटणं एकदम उरकायची. एक सदरा झाला की एक बटण लाव, असं केलं तर कामाचा खोळंबा होतो, असं तिचं म्हणणं. शिवणकामात ते खरंही होतं. तोच हिशेब तिने दातांनाही लावला. सगळे दात येऊ देत, मग एकदम.

बरणीच्या काचेतून मला सगळं दिसायचं. खालचे दोन आले, वरचे दोन आले, मग त्यांच्या बाजूचे. प्रत्येक दात आला की मला वाटायचं, आज तरी माझी आठवण होईल. आईचा हात बरणीत यायचा, मला बाजूला सारायचा आणि चार पांढरी बटणं घेऊन निघून जायचा.

शाळेच्या गणवेशांचे दिवस आले की मशीनला उसंत नसे. दुपारी गुंडी कुरकुरू लागली की आई बाटलीत साखर घातलेलं दूध भरून तिच्या तोंडात द्यायची. गुंडी ती चोखत चोखत झोपून जायची, आणि ते गोड दूध तिच्या दातांवर तासन्‌तास तसंच राहायचं. मी काचेआडून बघत राहायचो. माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची, पण ब्रशाला हाक मारता येत नाही.

गुंडी सव्वा वर्षाची झाली तेव्हा वरच्या दातांवर, हिरड्यांलगत, खडूसारख्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. आईला वाटलं, दूध वाळलं असेल. तिने पदराने पुसलं. रेघा गेल्या नाहीत. पुढे समोरच्या दोन दातांवर त्याच रेघा तपकिरी झाल्या. मग एका दुपारी गुंडीने सफरचंदाची फोड चावली आणि अशी किंचाळली, की आईचा पाय मशीनवरून झटकन निघाला. सुई अर्ध्या टाक्यात तशीच राहिली. अर्धा टाका सोडून आई कधीच उठत नसे. त्या दिवशी उठली.

दवाखान्यात जाताना तिने घाईघाईने मलाही पिशवीत टाकलं होतं. डॉक्टरीणबाई आईच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसल्या, गुंडीला दोघींच्या मांड्यांवर आडवं केलं आणि आरशाने आत पाहिलं. मावशी शेजारी दिवा धरून उभी होती. "मी सांगितलं होतं" हे शब्द तिच्या ओठांवर आले असतील, पण तिने ते गिळले. याबद्दल मला ती फार आवडते.

"पुढचे दोन किडलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक भरून नीट होईल. दुसऱ्याची कीड खोल गेलीय. तोही भरून बघते, पण तो राहील की काढावा लागेल, ते तीन महिन्यांनी कळेल. बाकीच्यांवर नुसत्या रेघा आहेत, त्या तिथेच थांबवता येतील. घासता ना रोज?"

आईने पिशवीतून मला काढलं. वेष्टन फाडलेलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "हरकत नाही. आजपासून."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यातला एक थेंब माझ्या वेष्टनावर पडला.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पाण्याखाली भिजलो. काम मात्र सोपं नव्हतं! गुंडीने दात आवळून घेतले, मान फिरवली, मला दोनदा करकचून चावलं. आईने तिचं डोकं दवाखान्यातल्यासारखं मांडीवर घेतलं, बोटाने ओठ अलगद वर उचलला आणि हिरडीच्या कडेने मला फिरवू लागली, बारीक बारीक, तुरपाई करावी तशी. तरी रडारड चाललीच होती. तेवढ्यात कामावरून आलेले वडील दारातूनच मोठ्याने म्हणाले, "पुढचा थांबा, खालची मागची दाढ! दार उघडा!"

गुंडी रडायची थांबली. तिने आ केला.

"उतरा, उतरा लवकर! आता वरची दाढ! दार उघडा!"

त्या दिवसापासून आमची गाडी सकाळ-संध्याकाळ सुटू लागली. थांबे ठरलेले, चालकही ठरलेला. वडील कामावर असले की आई तसाच आवाज काढायची. साखरेचं दूध बंद झालं. झोपताना बाटली मागून गुंडीने चार दिवस घर डोक्यावर घेतलं, मग तिलाच विसर पडला. पांढऱ्या रेघा वाढल्या नाहीत. मी खूश होतो. आपण जिंकणार असं मला वाटू लागलं होतं.

पण तो एक दात नाही वाचला. तीन महिने पुरे व्हायच्या सुमारास त्याच्या वरची हिरडी सुजली आणि डॉक्टरीणबाईंना तो काढावा लागला. तिथे पक्का दात यायला अजून पाच वर्षं. पाच वर्षांचं हसू त्या जागी रिकामं राहणार होतं.

जखम भरल्यावर गाडी पुन्हा सुटली. वडिलांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. खालच्या दाढा झाल्या, वरच्या झाल्या. "पुढचा थांबा, वरचा..." गुंडीने आ तसाच धरून ठेवला होता. ती वाट बघत होती.

"हा थांबा बंद आहे, बाळा," वडील हळूच म्हणाले. आईने मला त्या मोकळ्या जागेवरून पुढे नेलं. ते माझं शेवटचं काम. माझे केस पिंजारले होते, आणि केस पिंजारलेला ब्रश बदलायचाच असतो. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी एक हिरवा, छोटा ब्रश आला.

आता मी मशीनच्या खणात असतो आणि सुईखाली अडकलेला दोऱ्याचा भुगा काढतो. कामाला कमी लेखू नये, पण खरं सांगू? रोज बाथरूममधून "दार उघडा!" ऐकू आलं की माझ्या वाकड्या केसांना अजून हुरूप येतो. तो काढलेला दात आईने टाकला नाही. बरणीत पांढऱ्या बटणांत तो आहे, अगदी मी उभा असायचो तिथे.

परवा एक तरुण बाई झबली शिवायला टाकायला आली. कडेवर बाळ होतं. ते हसलं, आणि खाली एक इवलासा दात चमकला. आईने मशीन थांबवलं. सुई पुन्हा अर्ध्या टाक्यात राहिली.

"घासतेस का गं याचा दात?"

"इश्श, एकच तर आलाय!" ती बाई हसली. "सगळे आले की करीन सुरू."

आईने बरणी उघडली, बटणं चाळली आणि तो दात तिच्या तळहातावर ठेवला.

"माझ्या लेकीचा आहे," ती म्हणाली. "मीही सगळे यायची वाट बघत होते."

ती बाई त्या तपकिरी दाताकडे बघत राहिली. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"एक आलाय ना?" आई म्हणाली. "मग आज एक घासायचा. उद्या दुसरा आला की दोन. झबली राहू देत, आधी ब्रश घेऊन ये जा."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं बाळ असेल तर त्याला हसवा आणि तोंडात डोकावून बघा. आणि फळीवर, खणात किंवा एखाद्या बरणीत माझ्यासारखा कुणी वेष्टनात उभा असेल, तर त्याला आजच बाहेर काढा. त्याला हाक मारता येत नाही.